धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म : बेळगाव भागातल्या घरांसाठी कोणते घ्यावेत, कोणते टाळावेत

दुकानात ‘स्मोक डिटेक्टर’ मागितला की चार वेगवेगळ्या वस्तू पुढ्यात येऊ शकतात आणि त्यातल्या दोन घराच्या काहीच कामाच्या नसतात. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली घरं डोळ्यांसमोर ठेवून हे परीक्षण लिहिलं आहे: कौलारू घर, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड, भाड्याच्या खोल्या, विद्यार्थ्यांचे पीजी, न्हाणीत गॅस गिझर किंवा बंब. ब्रँडची क्रमवारी इथे लावलेली नाही. ऑनलाइन बाजारात एकसारख्या दिसणाऱ्या डबीवर दहा नावं चिकटवलेली असतात, त्यामुळे नावापेक्षा मागचं लेबल वाचता येणं महत्त्वाचं.

आधी कायद्याचं बोलू, कारण ‘हे सक्तीचं आहे का?’ हा प्रश्न घरमालक पहिला विचारतो. साध्या राहत्या घरात किंवा भाड्याच्या खोलीत धुराचा अलार्म लावलाच पाहिजे असा नियम आपल्याकडे नाही. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग आगीपासूनच्या सुरक्षेचा आहे, पण त्यातला अलार्मचा भर उंच आणि सार्वजनिक इमारतींवर आहे. शिवाय ही संहिता मार्गदर्शक आहे, राज्यांनी आणि नगरपालिकांनी आपल्या नियमांत घेतली तरच बंधनकारक होते. आयएस २१८९ हे भारतीय मानक पॅनेलवर, म्हणजे एका मध्यवर्ती नियंत्रण-पेटीवर, चालणाऱ्या यंत्रणेसाठी आहे. इंग्लंडमध्ये मात्र १ ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या प्रत्येक घरात, राहण्याची खोली असलेल्या प्रत्येक मजल्यावर किमान एक धुराचा अलार्म लागतो, आणि स्वयंपाकाची शेगडी सोडून गॅस, कोळसा, लाकूड जाळणारं कुठलंही बसवलेलं उपकरण असलेल्या राहत्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा, म्हणजे अर्धवट जळणातून सुटणाऱ्या विषारी वायूचा, अलार्म लागतो. भाडं सुरू होतं त्या दिवशी तो चालतो का हे घरमालकाने तपासायचं, बिघडल्याचं कळवलं की बदलून द्यायचा, नाहीतर ५००० पौंडांपर्यंत दंड. अमेरिकेतलं एनएफपीए ७२ हे मानक त्याहून कडक आहे: प्रत्येक झोपायच्या खोलीत एक, खोल्यांच्या बाहेर एक, प्रत्येक मजल्यावर एक. आपल्याकडे सक्ती नसल्यामुळे ही जबाबदारी भाडेकरारातच लिहून घ्यावी लागते. त्याचा मजकूर पुढे दिला आहे.

चार वस्तू

पहिली वस्तू पॅनेलचा डिटेक्टर. फायर एक्स्टिंग्विशर भरून देणाऱ्या दुकानात छताला लावायची पांढरी गोल डबी मिळते ती बहुतेक वेळा ही. लॉज, हॉस्पिटल, मंगल कार्यालय, कारखाना अशा ठिकाणी ती दोन वायरींवर, साधारण २४ व्होल्टवर, पॅनेलला जोडलेली असते. धूर लागला की ती पॅनेलला कळवते आणि भोंगा पॅनेल वाजवतं. डबीला स्वतःचा आवाज नाही, बॅटरी नाही. वस्तू चांगली असली तरी घरात एकटी लावून ती नुसती शोभेची. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: ‘पॅनेलशिवाय वाजतो का?’

दुसरी वस्तू ‘धूर अधिक सीओ (कार्बन मोनॉक्साइड), टू इन वन’. तीन पेन्सिल सेल, छोटा डिजिटल पडदा, किंमत हजाराच्या आत. ही घेऊ नका. खोक्यावर ‘युरोपियन मानकाप्रमाणे’ असं लिहिलेलं असतं, पण प्रमाणपत्राचा क्रमांक नसतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०२२-२३ मध्ये ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या अशा काही अलार्मविरुद्ध नावानिशी इशारे दिले, कारण धूर किंवा सीओ असूनही ते वाजले नाहीत. न वाजणारा अलार्म नसलेल्या अलार्मपेक्षा वाईट, कारण घरातले लोक त्याच्या भरवशावर झोपतात. प्रमाणित टू इन वन मिळतात, पण त्यावर धुराचं आणि सीओचं अशी दोन्ही मानकं छापलेली हवीत. तरीही आमची पसंती वेगवेगळ्या दोन उपकरणांना. धुराच्या अलार्मची जागा छत आहे, सीओच्या अलार्मची जागा कुठलं उपकरण कुठे जळतं त्यावर ठरते. या दोन जागा क्वचितच एक येतात.

तिसरी वस्तू स्वतंत्र, म्हणजे पॅनेलशिवाय स्वतःच वाजणारा, धुराचा अलार्म. घरासाठी हाच. त्यात ‘ऑप्टिकल’ किंवा ‘फोटोइलेक्ट्रिक’ लिहिलेला घ्या. आतल्या काळ्या कप्प्यात प्रकाशाचा झोत असतो, धुराच्या कणांवर तो विखुरला की सेन्सर ओळखतो. गादी, कापूस, सोफ्याचा फोम, वायरचं इन्शुलेशन यांची आग आधी बराच वेळ धुमसते आणि माणसं मरतात ती बहुधा त्या धुराने. त्या धुरासाठी हाच प्रकार योग्य. ‘आयोनायझेशन’ प्रकारात अमेरिशियम-२४१ हा किरणोत्सारी पदार्थ अत्यल्प प्रमाणात असतो. तो भडकत्या आगीला लवकर जागतो, पण फोडणीलाही जागतो, आणि जुना झाल्यावर कचऱ्यात टाकता येत नाही. टाळा.

बॅटरीचे दोन प्रकार. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी साधारण वर्षभर जाते. आत बंद केलेली लिथियम बॅटरी १० वर्षांची, म्हणजे अलार्मच्याच आयुष्याइतकी. भाड्याच्या घरात दुसराच घ्या, थोडा महाग पडला तरी. ९ व्होल्टची बॅटरी संपली की काढली जाते आणि नवी येतच नाही, किंवा पोरांच्या खेळण्यात जाते. नुसता २३० व्होल्टवर चालणारा, आत बॅटरी नसलेला अलार्म तर आपल्याकडे घेऊच नये. शॉर्ट सर्किटच्या आगीत आधी एमसीबी पडतो आणि त्याच क्षणी अलार्म मुका होतो. पावसाळ्यात हेस्कॉमची लाइन गेली तरी तेच.

लेबलवर काय शोधायचं: धुरासाठी ईएन १४६०४ (युरोपियन मानक) किंवा यूएल २१७ (अमेरिकन), सीओसाठी ईएन ५०२९१-१ किंवा यूएल २०३४. युरोपियन धुराच्या अलार्मवर सीई चिन्हाशेजारी चार आकडी क्रमांक असतो, तो तपासणाऱ्या संस्थेचा. नुसतं सीई असेल तर संशय घ्या. उत्पादनाची तारीख आणि ‘या तारखेला बदला’ ही ओळ दोन्ही छापलेल्या हव्यात. आवाज ३ मीटरवर किमान ८५ डेसिबल.

चौथी वस्तू भिंतीच्या प्लगमध्ये लावायचा एलपीजी डिटेक्टर. तो उपयोगी आहे, पण त्याचं काम वेगळं. तो न जळलेला, गळणारा गॅस ओळखतो. कार्बन मोनॉक्साइड त्याला कळत नाही आणि धूर त्याच्यासाठी नाही. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड, म्हणून हा जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आत बसवायचा, सिलिंडरच्या बाजूच्या भिंतीवर. बेळगावात ज्यांच्याकडे आता पाइपचा गॅस आला आहे त्यांनी लक्षात ठेवावं: तो मिथेन, हवेपेक्षा हलका. त्याचा डिटेक्टर छताजवळ लागतो. सिलिंडर गेला, पाइप आला आणि जुना डिटेक्टर खाली तसाच राहिला, तर गळती झाल्यावर तो शेवटी वाजेल. या डिटेक्टरचा सेन्सर तापावा लागतो, त्यामुळे लाइट आल्यावर काही मिनिटं तो काम करत नाही. डिओ, फिनेल, स्पिरिट यांच्या वासानेही वाजतो. वाजला तर कुठलंही बटण चालू किंवा बंद करू नका, रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकाला फोन करा.

बसवताना

धूर वर जातो, छताला लागतो आणि मग पसरतो. म्हणून जागा छताच्या मध्याजवळ, भिंतीपासून आणि ट्यूबलाइटपासून किमान ३० सेंटिमीटर दूर. ट्यूबपासूनचं अंतर आणखी एका कारणाने महत्त्वाचं: मृगाच्या सुरुवातीला दिव्याभोवती जमणारे किडे जाळीतून आत शिरतात आणि अलार्म मध्यरात्री उगाच वाजतो. पंख्याच्या पात्याच्या टोकापासून एक मीटर लांब, नाहीतर पंखा धूर बाजूला ढकलतो. चुलीपासून किंवा शेगडीपासून ३ मीटर. न्हाणीच्या दारासमोर नको, वाफेचे थेंब धुरासारखेच दिसतात.

कौलारू घरात दोन अडचणी. अगदी आढ्याच्या कोपऱ्यात हवा साचून राहते, तिथे धूर उशिरा पोचतो. म्हणून टोकापासून निदान १० सेंटिमीटर खाली, पण एक मीटरच्या आत. दुसरी अडचण कौलांच्या फटी: धूर तिथून निघून जातो आणि वरून धूळ पडत राहते. माळा असेल तर अलार्म माळ्याच्या खालच्या फळ्यांना लावा, झोपायच्या खोलीत. पत्र्याचं छत असलेल्या खोलीत पावसाच्या आवाजात ८५ डेसिबलही बंद दारापलीकडे कमी पडतात. खानापूरच्या बाजूला तर हे धरूनच चला आणि माणूस झोपतो त्याच खोलीत अलार्म लावा. शेजारच्या खोलीतला पुरणार नाही.

खडेबाजार, गणपत गल्ली भागातल्यासारखी खाली दुकान, वर बिऱ्हाड आणि मधे एकच लाकडी जिना, ही सगळ्यात धोक्याची रचना. रात्री दुकानात शॉर्ट सर्किट झालं की जिना धुराची चिमणी होतो आणि वरच्यांची एकमेव वाट तीच असते. इथे एक अलार्म पुरत नाही. एकमेकांना बिनतारी जोडलेले दोन घ्या: एक दुकानात, एक जिन्याच्या वरच्या टोकाला. खालचा वाजला की वरचाही वाजतो. दगडी किंवा जाड मातीच्या भिंतीतून सिग्नल कमी जातो, म्हणून बसवण्याआधी दोन्ही जागी नुसते धरून बटण दाबून बघा. वायफायवर मोबाइलला कळवणारे अलार्म या कामाला पर्याय नाहीत. रात्री मोबाइल सायलेंटवर असतो आणि लाइट गेली की राउटरही जातो.

वडगाव-शहापूरच्या मागाच्या घरांत सुताचा बारीक तंतू हवेत कायम असतो. तो कप्प्यात साचला की आधी खोटे अलार्म येतात, मग सेन्सर मंद होतो. माग चालतो त्या खोलीत धुराचा अलार्म टिकत नाही. तो शेजारच्या झोपायच्या खोलीत लावा आणि महिन्यातून एकदा मऊ ब्रशने किंवा व्हॅक्युमने बाहेरून साफ करा. इतर घरांत सहा महिन्यांनी पुरे. स्वयंपाकघरात धुराचा अलार्म लावूच नका. मिरचीच्या ठेच्याला तो रोज वाजेल आणि आठवड्यात उतरवला जाईल. तिथे ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास वाजणारा उष्णतेचा अलार्म चालतो.

धूप, अगरबत्ती, होम असेल त्या दिवशी ‘हश’ बटण दाबा, दहाएक मिनिटं तो शांत राहतो. अलार्म उतरवून कपाटात ठेवला की तो निकामीच. गणपतीआधी घर रंगवताना प्लास्टिकची पिशवी बांधा आणि त्याच संध्याकाळी काढा. जाळीवर रंगाचा हात बसलेला अलार्म टाकून द्यावा. दर ३०-६० सेकंदांनी एक ‘चिप्’ म्हणजे बॅटरी संपत आलीय. हा आवाज बहुतेक पहाटे सुरू होतो, कारण गारव्याने बॅटरीचं व्होल्टेज आणखी उतरतं.

कार्बन मोनॉक्साइड : इथे अलार्मपेक्षा आधी हवा

गॅस गिझर, बंब, शेगडी आणि जनरेटर, आपल्याकडे सीओ या चार ठिकाणांहून येतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो.

गिझरचा हिशोब एकदा मांडून बघाच. मिनिटाला ६ लिटर पाणी तापवणारा गिझर तासाला साधारण १ किलो गॅस जाळतो, आणि १ किलो गॅसला १२-१३ घनमीटर हवा लागते. ४ बाय ६ फुटांच्या, ८ फूट उंच न्हाणीत एकूण हवा साडेपाच घनमीटरच्या आत. दार-खिडकी बंद आणि बाहेरून हवा येत नाही असं धरलं, तर हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ वर यायला चारेक मिनिटं पुरतात. ज्वाला बिघडते, पिवळी पडते आणि सीओ सुटू लागतो. हिवाळ्यात बेळगावच्या थंडीत लोक झरोकाही कापडाने बंद करतात, तेव्हा अपघात होतात.

म्हणून आमचा निष्कर्ष स्पष्ट आहे: गिझर न्हाणीत असेल तर सीओ अलार्म विकत घेऊ नका, त्या पैशात गिझर बाहेर काढा. परड्याच्या बाजूच्या भिंतीवर किंवा गॅलरीत, उघड्यावर, आणि आत नुसता पाण्याचा पाइप. न्हाणीतली वाफ सीओच्या सेन्सरला मानवत नाही, बहुतेक कंपन्या तिथे लावू नका असंच सांगतात. आणि दाराबाहेर लावलेला अलार्म आतल्या माणसासाठी उशिरा वाजतो. त्याचं काम घरातल्या बाकीच्यांना वाचवण्याचं.

अलार्म किती वेळात वाजतो तेही नीट कळलं पाहिजे. ईएन ५०२९१-१ प्रमाणे ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग सीओ) ६० ते ९० मिनिटांत, १०० पीपीएमला १० ते ४० मिनिटांत, ३०० पीपीएमला ३ मिनिटांच्या आत. ३० पीपीएमला दोन तासांच्या आत वाजू नये असं मानकच म्हणतं. म्हणजे पडद्यावर आकडा दिसतोय पण भोंगा नाही, हा बिघाड नव्हे. पण आकडा शून्यावरून हलला की कारण शोधा.

मग सीओ अलार्म कुणी घ्यावा? घरात बंब पेटतो आणि न्हाणी माजघराला लागून आहे त्यांनी. गिझर बाहेर आहे पण झोपायच्या खोलीच्या खिडकीशेजारी आहे त्यांनी. आणि ज्या घरात बाळंतीण आहे त्यांनी जरूर. दारं-खिडक्या लावून शेगडीत लाल कोळसे ठेवायची पद्धत अजून आहे. धूर निघून गेलेले निखारे निर्धोक वाटतात, पण त्याच अवस्थेत ते भरपूर सीओ सोडतात आणि खोलीत बाळ आणि आई दोघं झोपलेली असतात. शेक द्यायचा तर दार उघडं ठेवून द्या आणि झोपण्याआधी शेगडी अंगणात न्या. आजीला हे पटवून द्यायला वेळ लागला तरी द्या.

जागा: जळणाऱ्या उपकरणाच्या खोलीत त्याच्यापासून १ ते ३ मीटरवर, भिंतीवर उंच, पण छतापासून १५ सेंटिमीटर खाली. झोपायच्या खोलीत उशीच्या उंचीला. सीओ हवेपेक्षा किंचित हलका आणि हवेत सहज मिसळतो, म्हणून एलपीजीसारखा जमिनीलगत लावायचा नाही. सेन्सरचं आयुष्य मॉडेलप्रमाणे ५ ते १० वर्षं. बटण दाबून महिन्याला तपासा. गाडीच्या धुरासमोर धरून तपासू नका, सेन्सर बिघडतो.

आपल्या भागातलं एक खास कारण: इन्व्हर्टर. चार्ज होताना लेड-अॅसिड बॅटरी हायड्रोजन सोडते आणि सीओचा सेन्सर हायड्रोजनलाही प्रतिसाद देतो. लाइट परत आल्यावर तासाभरात सीओ अलार्म वाजत असेल आणि घरात काहीच जळत नसेल, तर बॅटरीकडे बघा. बहुतेक ती जास्त चार्ज होत असते किंवा बंद कपाटात कोंडलेली असते. अलार्म तिच्यापासून दूर न्या, पण बॅटरीलाही हवा द्या. हायड्रोजन स्वतः पेट घेतो.

अलार्म वाजला आणि कुणाला डोकेदुखी, मळमळ, पायांत त्राण नसणं असं होत असेल तर सगळ्यांना बाहेर उघड्यावर आणा. घरातल्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसलं म्हणून थांबू नका. सीओने अडवलेलं हिमोग्लोबिन साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजन असलेल्यासारखंच दिसतं. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘गिझर चालू होता’ किंवा ‘शेगडी होती’ हे सांगा, नाहीतर उपचार पित्ताचे किंवा तापाचे सुरू होतात.

भाड्याच्या घरात

दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला १० वर्षांच्या बॅटरीचा एक अलार्म झोपायच्या खोलीत, शक्य असल्यास दुसरा बाहेरच्या खोलीत. मच्छे, उद्यमबागच्या बाजूचे पीजी असतील तर प्रत्येक खोलीत एक आणि जिन्यात एक. विद्यार्थी खोलीत इंडक्शन, इमर्शन रॉड आणि चार्जर एकाच एक्स्टेंशनवर लावतात, आग तिथून सुरू होते. अकरा महिन्यांच्या करारात हा मजकूर घाला, करार कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल तर त्या भाषेत:

‘घरमालकाने __ ठिकाणी स्वतंत्र बॅटरीचे धुराचे अलार्म बसवले असून ताबा देताना ते दोघांसमोर बटण दाबून तपासले आहेत. बदलण्याची तारीख: __. भाडेकरू दर महिन्याला तपासेल, काढणार नाही, झाकणार नाही. बिघाड कळवल्यापासून सात दिवसांत घरमालक स्वखर्चाने बदलून देईल. गॅस गिझर न्हाणीच्या आत बसवला जाणार नाही.’

घरमालक खर्चाला तयार नसेल तर भाडेकरूने स्वतःचा घ्यावा आणि ‘घर सोडताना अलार्म भाडेकरू घेऊन जाईल’ एवढी ओळ लिहून घ्यावी. दोन स्क्रूंचं काम असतं. छताला भोक पाडू देत नसतील तर भिंतीवर, छतापासून १० ते ३० सेंटिमीटर खाली लावा. दुहेरी चिकटपट्टीवर भरवसा नको, चुन्याच्या भिंतीवरून ती पावसाळ्यात सुटते.

रात्री चॅनेल गेटला कुलूप असतं आणि खिडक्यांना गज. अलार्मने जाग आली तरी किल्ली सापडली नाही तर सगळे आतच. किल्ली झोपायच्या खोलीच्या दाराशेजारी खिळ्याला, अंधारात हाताला लागेल अशी. पीजीत एक जोड वॉचमनकडे आणि एक प्रत्येक मजल्यावर. बाहेर पडल्यावर १०१ किंवा ११२ ला फोन करा, आणि गल्ली अरुंद असेल तर कुठल्या बाजूने आग विझवणारी गाडी आत येईल तेही सांगा.